मऊ खेकड्यांचा रस्सा

बाबा,

काल दुपारी बचत गटाच्या दहा-बारा बाया हौद बघायला आल्या होत्या. बहुतेक बीबी गावाकडच्या, दोघी मेहकरच्या. हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी असा एखादा घोळका येतो. मी त्यांना हौद दाखवते, कौलं उचलून खेकड्यांची पिल्लं दाखवते, चहा पाजते. मग त्यांच्यातली एक तरी विचारतेच, हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी? आणि मी तुमची गोष्ट सांगते. माझे पहिलेवहिले खेकडे तुम्ही हौदातून काढून माझ्याच हातानं कसे शिजवून घेतलेत आणि जेवणं उरकल्यावर मला सासरच्या जीपमध्ये कसं बसवून दिलंत, ती. बाया हळहळतात. एखादी म्हणते, "बाप व्हता का कसाई?" मला ते ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं माय ही गोष्ट मान खाली घालून ऐकत आली. काल ती ओट्यावर लसूण सोलत होती, ताट तसंच ठेवून उठली आणि आत गेली. बाया गेल्यावर म्हणाली, "मेल्या माणसाले किती साल शिव्या देशीन वो? जे बोलाचं ते एकदाचं त्याइलेच बोलून टाक अन मोकळी होय." म्हणून लिहायला बसले आहे. लिहून झालं की मायलाच वाचून दाखवीन. तिला वाचता येत नाही आणि तुम्हाला आता ऐकू येत नाही, तेव्हा यातून एवढाच मार्ग निघतो.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात, तुमच्या तेरवीला मीही गप्प बसले होते. आज गप्प बसणार नाही. मी लोणारचं सासर सोडून आले त्या दिवसापासून सुरू करते. लग्नाला पाच वर्षं झाली होती. एसटीतून उतरून मी घरी न जाता थेट वांग्यांच्या वावरात आले, कारण तुम्ही तिथेच असणार हे ठाऊक होतं. तुम्ही वांगी तोडत होता. माझ्या हातातली पिशवी पाहिलीत, पण कंबर सरळ केली नाहीत. "काऊन आली?" म्हणालात. मी म्हटलं, "तो बोलत नाही माह्याशी." तुम्ही विचारलंत, "मारते?" मी नाही म्हटलं. "पेते?" नाही म्हटलं. "मंग काय दुखते तुहं?"

काय दुखत होतं ते सांगायला मला तुमच्यासमोर, वांग्याच्या दोन ओळींच्या मध्ये उभं राहून, शब्द शोधावे लागले. नवऱ्याचं लोणारला किराणा दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचा, हसायचा, लहान पोरांच्या हातावर फुकट गोळी ठेवायचा. घरात पाय टाकला की तोंड बंद. चहा हवा असला की रिकामा पेला फरशीवर दोनदा ठोकायचा, पाणी हवं असलं की एकदा. जेवताना काही वाढायचं राहिलं तर ताटलीच्या कडेवर वाटी आपटायची. सासू होती तोवर मधे तिचा आवाज तरी होता. ती गेल्यावर तीन वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती, आणि मीही हळूहळू ठोक्यावर उठायला शिकले होते. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हातातली वांगी क्रेटमध्ये टाकलीत आणि म्हणालात, "बोलत नाही म्हणून कोणी घर सोडते का वो? बैल कुठी बोलते माह्याशी?" तुम्हाला थट्टा करायची होती की ते उत्तर होतं, मला अजून कळलेलं नाही. शेजारच्या ओळीतल्या मजूर बाया मात्र हसल्या.

तरी तुम्ही मला लगेच परत धाडलं नाहीत, ते लिहायला हवं. माय आडवी आली म्हणा, नाही तर वांग्याचा हंगाम होता आणि हात कमी पडत होते म्हणून म्हणा. तुमच्याबरोबर मी मेहकरच्या बाजारात बसू लागले. तिथं पलीकडच्या कडेला मासे विकणारी एक मावशी बसायची. पावसाळ्यात नाल्यावरची माणसं तिला खेकडे आणून द्यायची, ते तासाभरात संपायचे आणि मग दिवसभर लोक विचारून विचारून परत जायचे. "बारा महिने कोणी आणून देईन तं मी पाय धुईन त्याचे," ती म्हणायची. आपल्या घरामागे सिमेंटचा जुना हौद पडून होता, तडा गेलेला. मी तडा बुजवला, तळाला मुरूम आणि नाल्यातली माती टाकली, एका कडेला दगड रचून कोरडी जागा ठेवली. तुम्ही चार दिवस नुसते बघत होता. पाचव्या दिवशी म्हणालात, "यंदाचं साल राह्य. पुढच्या पावसाळ्यापरेंत या हौदातून काही निंगलं तं पाहू. नाही तं चूपचाप आपल्या घरी जाजो." आपल्या घरी म्हणजे लोणारला. मी राहणार की जाणार हे तुम्ही खेकड्यांवर सोडून मोकळे झालात. माझी तक्रार नव्हती. तुमच्यापेक्षा मला खेकड्यांचा भरवसा वाटत होता.

आणि पहिली मादी तुम्हीच आणलीत. नाल्याच्या बाजूला दोडक्याचे वेल बघायला गेला होता, परत आलात ते ओल्या गोणपाटाचं गाठोडं हातात धरून. मला वाटलं केणी-कुर्डू असेल भाजीला. गोणपाट उलगडलंत, आत बोटभर नांग्या उगारून खेकड्याची मादी बसलेली. तुम्ही तिला मागून दोन बोटांत अशी अलगद धरलीत की मी बघतच राहिले, आणि पोटावरची घडी नखानं जराशी उघडून मला दाखवलीत. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं, एकमेकांवर चढलेली, शेकड्यानं. "लेकुरवाळी हाय. हिले खाऊ नोको," म्हणालात. गोठ्याची जुनी कौलं उतरवून तीही हौदात तुम्हीच मांडून दिलीत, पिल्लांना दडायला. तुम्ही आयुष्यात मला बांगड्या दिल्यात, लग्नात भांडी दिलीत, ते सगळे देतात. न मागता मला हवं तेच दिलंत असं हे एकदाच झालं. हे मी बायांना सांगत नाही. गोष्ट लांबते.

खेकडा असा रोज थोडा थोडा वाढत नाही, बाबा. मलाही हे ठाऊक नव्हतं. एका सकाळी कौलाबाहेर एक पिल्लू मरून पडलेलं दिसलं. पाय, नांग्या, डोळ्यांच्या काड्या, सगळं जागच्या जागी. मी ते तळहातावर घेतलं तर त्याला वजनच नाही. आत कोणी नव्हतंच. पाठीची मागची कड उघडी होती आणि कौलाच्या आत, ज्याचं ते होतं तो बसलेला, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ आणि आधीपेक्षा मोठा. मग मी हौदापाशी बसून बसून शिकले. पाठ टाकायच्या आधी दोन-तीन दिवस तो खाणं सोडतो. अंधाराची जागा धरतो. मग पाठ मागून उकलते आणि तो उलटा, मागच्या मागे, स्वतःतून बाहेर सरकतो. बाहेर आला की पाणी पिऊन फुगतो, आणि वाढायचं ते तेवढ्याच वेळात वाढून घेतो, कारण नवी पाठ कडक झाली की पुन्हा कितीतरी दिवस तेवढ्याचा तेवढाच. तुटलेला पाय असला तर तो या वेळेस बारका होऊन परत येतो. आपली टाकलेली पाठ तो स्वतः कुरतडून खातो, नवी घट्ट व्हायला. लहान असताना हे सारखं चालतं, मोठा झाला की क्वचित. आणि या मऊपणाच्या दिवसांत त्याला कोणी हात लावू नये, पाणी ढवळू नये. दुसऱ्या खेकड्याला तो सापडला तर संपलाच. चावायला नांगीत जोर नसतो आणि पळायला पायांत. शेकड्यांनी होती ती पिल्लं अशीच कमी कमी होत गेली, भावंडांनीच खाल्ली. उरली ती दडायला जागा मिळाली म्हणून. मी फुटकी मडकी टाकली, अंड्यांची टरफलं कुटून टाकली, शिळी भाकर आणि सुकटाचा चुरा टाकला. वर्षभरात ती मुठीएवढी झाली.

यातलं मी तुम्हाला काही सांगितलं नाही. सुरुवातीला सांगणार होते. पण तुम्ही येता-जाता विचारायचात, "तुहे लेकरं काय म्हणतात?" आणि मला मूल नाही हे गावाला ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. तुमच्या मनात तसं नसेलही. एकदा मी हौदापाशी इतका वेळ बसले की तोडून ठेवलेली वांगी उन्हात राहिली आणि सुकली. तुम्ही मजूर बायांदेखत ओरडलात, "पोरीच्या जातीनं गाऱ्यात हात घालून बसाचं अन घरचा माल सडू द्याचा? म्हणूनच नवरा बोलत नसन तुह्याशी." पोटच्या पोरीला असं कोणी बोलतं का? बाया या वेळी हसल्या नाहीत. त्या दिवशी मी तुम्हाला एवढंच म्हटलं, "बाबा, माह्या हौदाले हात लावाचा नाही." तुम्ही म्हणालात, "नाही लावत." हात लावू नका हे सांगितलं. का लावू नका ते सांगितलं नाही. माझीही अढी होती.

पावसाळा तोंडावर आला होता. मावशीनं पंधरा दिवसांनी माल घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. मी हौदातलं सगळं पाणी बदललं आणि दुसऱ्याच दिवशी निम्म्याहून जास्त खेकड्यांनी खाणं सोडलं. ताज्या पाण्यानं असं होतं, आता मला माहीत आहे. तेव्हा नुसता आनंद झाला होता. आणखी एकदा पाठ टाकतील, अंगानं भरतील आणि बाजारात जातील. फक्त इतके सगळे एकदम मऊ झाले तर दडायला जागा पुरणार नव्हती. म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं मी मेहकरला गेले, प्लंबरकडचे पाइपचे उरलेले तुकडे आणायला, प्रत्येकाला एक. जाताना तुम्ही अंगणात दात घासत होता. लोणारहून सासरे आणि नवरा त्याच दिवशी बोलणी करायला येणार होते. निरोप आदल्या दिवशीच आला होता. तुम्ही मला जाऊ दिलंत, काही बोलला नाहीत. मला हे मायकडून नंतर कळलं.

परत आले तेव्हा दारात जीप आणि ओसरीवर चपला. मी पाइपांची गोणी घेऊन मागच्या दारानं सैपाकघरात शिरले. माय पाट्यावर मसाला वाटत होती, तिनं वर बघितलं नाही. तुम्ही उकिडवे बसला होता आणि तुमच्यासमोर टोपलं होतं. लोक म्हणतात आपली माणसं खेकड्यासारखी, वर चढणाऱ्याचे पाय ओढतात. ज्यानं म्हटलं त्यानं टोपल्यातले खेकडे नीट पाहिले नसावेत. कोणी कोणाचं काही ओढत नाही, हाताला लागेल ते धरतात बिचारे. वरचे कडक होते ते धरत होते. खालचे मऊ होते ते त्यांच्या वजनानं चेपले होते. मी म्हटलं, "हे काय केलं बाबा?" तुम्ही अगदी सरळ सांगितलंत, काही लपवण्यासारखं नसल्यासारखं. "मर लागली होती तुह्या हौदाले. सकाळी पायतो तं सात-आठ मरून उलटे पडेल. बाकीचे लटपट, बोट लावलं तं चावत बी नाही. कोंबड्याइले मानमोडी लागली का आपण काय करतो? उरेल कापून खातो का नाही? दुपारपरेंत सारे गेले असते. वाया काऊन जाऊ द्याचे?"

मी टोपल्यात हात घातला. "ते मरेल नव्हते बाबा. ते त्याइची जुनी पाठ होती. पाठ टाकतात ते, मोठं व्हाले." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग टोपल्याकडे. तुम्ही जन्मभर शेती केली, कोंबड्या पाळल्या, मर ओळखण्यात तुमचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि वाढीला तुम्ही मर समजलात. तेवढ्यात ओसरीवर सासरे खाकरले. तुम्ही उठून उभे राहिलात. "आता काढले तं काढले," म्हणालात. "पाहुणे उपाशी बसवाचे का?" कुंपणानंच शेत खाल्लं आणि वर मलाच ते रांधायला सांगितलं.

मी रांधलं. मायला खेकडे साफ करवत नव्हते. मी चूल पेटवली, कांदा-खोबरं भाजलं. कडक होते त्यांनी दोन वेळा माझी बोटं धरली, एकदा रक्त आलं. मऊ होते ते काही करत नव्हते. नांगी धरली की ती हातात यायची. वर्षभर ज्यांच्यावर कोणाची सावली पडू दिली नव्हती, त्यांना मी कढईत टाकलं आणि ते रश्श्यात विरघळून गेले, रस्सा दाट झाला. काळा मसाला घातला, ज्वारीच्या भाकरी थापल्या. पंगतीत सासरे म्हणाले, "रस्सा काय दाट झाला हो! पोरगी हाताची चांगली हाय." तुम्ही मान हलवलीत. नवरा खाली बघून जेवत होता. त्याची वाटी संपली आणि त्यानं ती ताटलीच्या कडेवर दोनदा आपटली. टक, टक. मी दारात उभी होते, पाय आपोआप हलले. त्याआधीच तुम्ही उठलात, माझ्या हातातलं पातेलं घेतलंत आणि त्याला वाढलंत. जेवणं झाली, सुपारी कातरली गेली, आणि ऊन कलायच्या आत मी त्या जीपमध्ये होते.

पुढची चार वर्षं लोणारला. तिथल्या त्या मोठ्या तळ्याच्या काठाला मी कधी जायचे, पाण्यात बघायचे. एवढं पाणी, पण खेकडा कधी दिसला नाही. चार वर्षांत तुम्ही एकदाच आलात. मेथीची जुडी आणि वांगी घेऊन. दुकानात न थांबता आत आलात, पलंगाच्या कडेवर बसलात. मी तुमच्यापुढं चहा ठेवला. तुम्ही विचारलंत, "बरी हायेस ना?" मी बोलले नाही. "माय याद करते तुही." मी बोलले नाही. दाण्यांतले खडे वेचत बसले. तुम्ही तासभर होता आणि तासभर मी तोंड उघडलं नाही. ते कसं करायचं हे मी त्या घरात चांगलं शिकले होते. तुम्ही चहा संपवलात, रिकामा पेला हातातच धरून बसलात, खाली ठेवला नाहीत. मग उठलात, "पाणी उकयून पेत जाय," म्हणालात आणि बसस्टँडकडे गेलात. त्यानंतर तुम्हाला पाहिलं ते अंगणात, आडवे, नाकात कापूस.

तेरवीला नवरा आला होता. जेवताना त्यानं वाटी आपटली. मी समोर बसले होते, उठले नाही. त्यानं पुन्हा आपटली. पंगत थांबून बघायला लागली. मी नुसती बघत राहिले त्याच्याकडे, शेवटी कोणीतरी येऊन वाढलं. तो एकटाच परत गेला. माय म्हणाली, "राह्य." इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी मागे गेले तर हौदात तुम्ही कांदे भरून ठेवले होते, कोरडा ठणठणीत करून, खाली भुसा अंथरून. मला वाईट वाटायला हवं होतं. मला हसू आलं आणि मग इतका राग आला की सगळे कांदे मी एकटीनं काढून अंगणात फेकले. तुम्हाला जाऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. आज तिथं एकाचे चार हौद आहेत. प्रत्येक खेकड्याला त्याचं भोक आहे, आणि ज्या हौदात पाठ टाकणं सुरू होतं त्यावर मी लाल फडकं बांधते, त्या बाजूला कोणी फिरकायचं नाही. आज सकाळीच दुसऱ्या हौदात एक बारकं बाहेर निघालं. एक नांगी आधीच्या भांडणात गेलेली, तिथं आता भाताच्या शितासारखं काहीतरी फुटलं आहे. ते बघून आले आणि लिहायला बसले.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. इथपर्यंतचं मायला वाचून दाखवता येईल, ते तिला तोंडपाठ आहे. पण जेवणं उरकल्यावर आणि जीप निघायच्या आधी थोडा वेळ गेला होता. तो मी कोणालाच सांगितलेला नाही.

मी मागे हौदापाशी हात धूत होते. मसाल्याचा वास जात नव्हता. हौद रिकामा होता, पाणी गढूळ, कौलं उलटीपालटी. तुम्ही आलात. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडेच हात पुसत उभे राहिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, "वाटी ठोकते तो. ऐकलं म्या." मी हात धूत राहिले. तुम्ही म्हणालात, "चुकलं वो माह्यं. मले वाटलं मर हाय." आणि मग, "जाचं नसन तं सांग. मी पाहून घेतो त्याइचं. हौद पुन्यांदा भरू."

बाबा, मला राहायचं होतं. वर्षभर मी दुसरं काही मागितलं नव्हतं. तुम्ही ते असं, हौदाच्या कडेवर, माझ्या हाताशी आणून ठेवलंत आणि मला फक्त 'नाही जात' एवढं म्हणायचं बाकी होतं. पण त्या घडीला मला राहण्यापेक्षा तुम्हाला दुखवायचं होतं. मला वाटलं, मी गेले की हा रिकामा हौद यांना रोज दिसेल, रोज डाचेल. तुम्ही त्यात कांदे भराल हे कुठं ठाऊक होतं. मी म्हटलं, "जाईन मी." तुम्ही गेला नाहीत, तिथंच थांबलात. "पाहाय बरं, पोरी," म्हणालात, "खरंच जातं का?" मी म्हटलं, "सांगतलं ना. जाईन." मग तुम्ही ओसरीवर गेलात आणि त्यांना सांगितलंत, ती येते म्हणते.

पुढची चार वर्षं मी तुमच्या नावावर टाकली. लोणारला तुम्ही पेला हातात धरून तासभर कशाची वाट बघत बसला होता, तेही मला तेव्हाच कळलं होतं.

हे मायला वाचून दाखवणार नाही. तिला सांगेन, लिहिलं, पण अक्षर लागत नाही. पुढच्या खेपेला बाया येतील तेव्हा काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. दर वेळी गोष्टीच्या शेवटी मी त्यांना सांगते की बापानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

तुम्ही विचारलं होतं. दोन वेळा.